फवाऱ्याचं बनियन

भोनखेडमधून बनियनं गायब होऊ लागली तेव्हा धम्मशीला आणि प्रसेनजित पोट धरून हसले होते.

संग्रामपूरच्या पुढे, सातपुड्याच्या अंगाला असलेलं हे गाव. जिकडे बघावं तिकडे कपाशी. दोघं पुण्याच्या एका संस्थेच्या कामासाठी इथं येऊन राहिले होते. काम असं, की कपाशीवर जे विषारी औषध फवारतात त्याचा फवारणी करणाऱ्या घरांतल्या पोरांच्या तब्येतीवर काय परिणाम होतो ते शोधायचं. पोरांचं वजन-उंची घ्यायची, रक्त तपासायचं, त्यांच्याशी बोलायचं. आणि बापाच्या अंगावरून घरात किती विष येतं ते कळावं म्हणून बापांना एकेक बनियन द्यायचं. जाड, पांढरं, पूर्ण बाह्यांचं, पाकिटात बंद. फवारणीच्या दिवशी सदऱ्याच्या आत घालायचं, दिवसभर काढायचं नाही, धुवायचं नाही, दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही आणि संध्याकाळी होतं तसं परत करायचं. मग ते बर्फाच्या पेटीतून पुण्याला जाणार आणि तिथलं यंत्र सांगणार, की माणसाच्या कातडीपर्यंत किती औषध पोचलं. टीपकागद शाई टिपतो तसं त्या बनियनानं विष टिपायचं, एवढंच त्याचं काम.

हे सगळं चावडीसमोर सभा घेऊन समजावून सांगितलं होतं. लोकांनी माना डोलावल्या, चहा घेतला, कागदावर सह्या केल्या. अठरा वर्षांखालच्या लेकरांना आम्ही फवारणीला लावत नाही, असंही त्याच कागदावर लिहिलेलं होतं. त्याच्याखालीही सगळ्यांनी सह्या ठोकल्या. लावतो म्हणून लिहून देणारा बाप कुठल्या गावात सापडणार?

आणि संध्याकाळी बनियन मागायला गेलं की एकेक नवलाई ऐकायला मिळायची.

"मॅडम, बैलानं खाल्लं."

"बैल बनियन खातो?"

"आमचा खाते."

एकाचं वाऱ्यानं उडून नाल्यात गेलं. एकाचं सासऱ्यानं नेलं, आणि सासरा आता मुंबईला. गणेश नावाचा एक माणूस होता, गावातले मोठे शेतकरी माणिकराव यांच्या शेतात सालानं राहिलेला, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर बांधलेला. त्यानं तर कमाल केली.

"उंदरानं नेलं मॅडम."

"पूर्ण बाह्यांचं बनियन एक उंदीर घेऊन गेला?"

"लय माजले हो औंदा."

प्रसेनजितला हसून हसून ठसका लागला. फुकटचं नवंकोरं बनियन कोण कशाला परत देईल, हा त्याचा निष्कर्ष. तसंच त्यानं पुण्याला कळवलं. धम्मशीला याच भागातल्या उंद्रीची, तिचा बाप जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात राबलेला. लाजेकाजेचा माणूस डोळ्याला डोळा देऊन असलं खुळचट खोटं बोलतो तेव्हा त्यामागं चोरीपेक्षा काहीतरी वेगळं असतं, हे तिला तरी कळायला हवं होतं. नाही कळलं. तीही हसली आणि पुढच्या घरी गेली.

याच गणेशची पोरगी मनाली. आठवीत, तेरा वर्षांची, काटक, आणि बोलायला लागली की थांबायची नाही. तिच्याशी बोलणं झालं ते गोठ्याच्या मागं. पोरांशी एकांतात बोलायचं असा संस्थेचा नियम होता आणि एकांत ही वस्तू भोनखेडमध्ये औषधालाही मिळत नव्हती. एका पोराला प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला आत्या, काका, शेजारीण आणि दारावरून जाणारा टेलर हजर. त्यावर दोघांनी तोड काढली होती. प्रसेनजित ओसरीवर बीपीचं मशीन मांडून बसायचा. बीपी म्हटलं की सगळी गल्ली जमायची. मनालीची आजी झुंबरबाई तर दंडाचा पट्टा सोडायलाच तयार नसायची. "अजून एकदा पाह्य ना बाप्पा," ती म्हणायची, "मघाशी मी हासली होती." तेवढ्यात धम्मशीला पोरीला घेऊन मागच्या दारानं सटकायची.

खाणं, झोप, शाळा, पाळी, सगळ्या प्रश्नांची मनालीनं धडाधड उत्तरं दिली. फवारणीच्या वेळी तू वावरात असतेस का, या प्रश्नावर मात्र ती काडीनं जमीन उकरत बसली.

"ताई, तुमी कोणाले सांगणार नाई ना?"

"नाही सांगणार."

"बाबाले बी नाई?"

"कोणालाच नाही."

खरं तर यापुढे आणखी एक वाक्य म्हणायचं असतं. तुझ्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर मात्र मला सांगावं लागेल, असं. ते ऐकलं की पोरं तोंड मिटून घेतात, म्हणून अलीकडे धम्मशीला ते वाक्य गिळून टाकायला लागली होती. त्या दिवशीही गिळलं.

"मीच मारतो फवारा," मनाली म्हणाली. "बाबाचा खांदा निखळला ना मागच्या साली. त्याच्यानं पंप उचलत नाई. माणिकदाजीले समजलं त ते दुसरा माणूस पाह्यतीन, मंग बाबाचं साल तुटन. म्हणून मी शाळेतून आली का वावरात जातो. कपाशी एवढी उंच हाय, रस्त्यावरून कोणाले दिसत बी नाई कोण मारून राह्यलं ते."

"मनाली, अगं ते विष आहे. चक्कर येत नाही? मळमळत नाही?"

"पह्यले ये. आता काई होत नाई." ती एकदम हसली. "माह्याजवळ इलाज हाय."

"कसला इलाज?"

"तुमाले त मालूमच हाय."

धम्मशीलाला वाटलं, ही तोंडाला ओढणी बांधते त्याबद्दल बोलतेय. तिनं ओढणीनं काही होत नाही, साबणानं हातपाय धुवत जा, वगैरे चार गोष्टी सांगितल्या. मनालीनं हाव हाव म्हटलं. ओसरीवरून झुंबरबाईचा आवाज आला की पोरगी कुठं गेली, आणि बोलणं तिथंच संपलं.

त्या संध्याकाळी धम्मशीलानं पुण्याला फोन लावला. तिथले साहेब वाईट नव्हते, पण त्यांनी गाव नकाशावर बघितलेलं होतं. ते म्हणाले, आत्ता बोभाटा केलास तर गाव हातचं जाईल, एकाच्या नादात बाकीच्या पोरांचा अभ्यास बुडेल. हंगाम संपू दे, मग आपण व्यवस्थित अहवालात मांडू. राहायची खोलीसुद्धा माणिकरावांनीच दिलेली आहे याचीही त्यांनी आठवण करून दिली. धम्मशीलाला ते पटलं नाही, पण सुटल्यासारखं वाटलं. स्वतःचा राग आला तो नंतर, अंथरुणावर पडल्यावर. आणि रागाचं करायचं काय हे न कळल्यामुळे तिनं काहीच केलं नाही.

नवरात्रातली पाचवी माळ, रविवार, शाळेला सुट्टी. पावसानं आठवडाभर झोडपून नुकतीच उघडीप दिली होती आणि गावातला प्रत्येक पंप वावरात गेला होता. धम्मशीला आणि प्रसेनजित बर्फाची पेटी रवाना करायला संग्रामपूरला आले होते. पेटी गाडीत चढते न चढते तोच फोन वाजला. मनालीची आई, राखी.

"ताई, मनाली पडली वो. तोंडातून लाळ येऊन राह्यली. आंग घामानं भिजलं. काई बोलत नाई. माणिकदाजीच्या गाडीत आनून राह्यलो दवाखान्यात. तुमी या ना ताई."

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दोघं पोचली तेव्हा मनाली खाटेवर होती. अंगात नवरात्रासाठी घेतलेला पूर्ण बाह्यांचा पिवळा ड्रेस, गळ्याशी टिकल्यांची नक्षी. चेहरा मात्र मेणासारखा. ओठांच्या कोपऱ्यातून लाळेची तार लोंबत होती, पापण्या आणि गाल आतल्या आत थडथडत होते. एवढी बोलकी पोर, आणि श्वास ऐकायला जवळ जावं लागत होतं. 

तरुण डॉक्टर तिच्या डोळ्यांवर बॅटरी मारून बघत होता. "शेतात गेली होती का? फवारणी चालू आहे का तुमच्याकडे?"

उत्तर माणिकरावांनी दिलं. पांढरी टोपी, खिशाला पेन, गावात ज्यांच्या शब्दावर पान हलतं असा माणूस. "नाही हो डॉक्टर. लेकरानं पह्यल्यांदाच नवरात्राचे उपास धरले. पोटात अन्न नाही, वरून ऊन. चक्कर आली."

"उपासानं बाहुली अशी टाचणीच्या टोकाएवढी होत नाही." डॉक्टर गणेशकडे वळला. "वडील तुम्ही? तुम्ही सांगा. मला नीट कळलं तर मी नीट औषध देईन. चुकीचं दिलं तर तेही हिच्या जिवावर बेतेल."

गणेशनं माणिकरावांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "उपासच होता जी," तो म्हणाला. राखीनं पदर तोंडात कोंबला.

धम्मशीला दाराशी उभी होती. तिच्या मनात एकाच वेळी सगळं आलं. कोणालाच नाही सांगणार, हा शब्द. पोरीनं तो मागून घेतलेला. गणेशचं साल. माणिकरावांची खोली. साहेबांचं व्यवस्थित अहवालात मांडू. आणि समोर ती लाळेची तार. तिचा आवाज खणखणीत निघाला.

"डॉक्टर, ती फवारणी करते. शाळा सुटल्यावर रोज जाते. तिनं स्वतः मला सांगितलंय."

 मग माणिकराव हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमाले गावात जागा कोनं देली?"

"तुम्ही दिलीत. खोली आजच्या आज रिकामी करते. पण आधी कोणत्या डब्यातलं औषध मारत होते ते सांगा. नाहीतर ही पोरगी तुमच्या नावानं जाईल."

माणिकराव काही वाईट माणूस नव्हते. घाबरलेले होते. पोलीस, पेपर, बदनामी, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढं नाचत होतं. त्यांनी एकदा खाटेकडे पाहिलं, टोपी काढून हातात घेतली आणि औषधाचं नाव सांगितलं. "माह्या देवीची शप्पथ, पोरगी मारते हे मले मालूम नव्हतं," ते गणेशला म्हणाले. "मी तुले पैसे देतो बे, तुले! तिले नाई!" 

सिंधूताई नावाच्या सिस्टरनं हाताच्या पंजाला सलाइन लावलं, डॉक्टरनं इंजेक्शन दिलं. पुन्हा दिलं. हळूहळू लाळ थांबली, घाम सुकायला लागला, छातीचा भाता वर-खाली होऊ लागला. मनालीनं डोळे किलकिले केले. राखी देवीचं नाव घेत भिंतीला टेकून खाली बसली. धम्मशीलाला रडू आलं आणि तिनं ते कोणाला दिसू दिलं नाही.

पण हे सुख टिकलं नाही. थोड्या वेळानं कपाळावर पुन्हा घाम फुटला. पुन्हा गाल थडथडू लागले. डॉक्टरनं आणखी इंजेक्शन दिलं. पोर पुन्हा वर आली आणि पुन्हा खाली गेली. विहिरीत पडलेल्याला दोरानं ओढावं आणि प्रत्येक वेळी काठाशी येऊन दोर निसटावा, असं चाललं होतं.

"पोटात गेलेलं नाही म्हणता," डॉक्टर वैतागून म्हणाला. "मग हे अजून येतंय कुठून? अंग धुतलं का नीट?"

"आईनं घरीच आंघोळ घातली म्हणतात," सिंधूताई म्हणाल्या. "कपडेही बदलून आणलेत."

"हाव डॉक्टरसाहेब," राखी म्हणाली. "डोक्यावरून पाणी घातलं. फवाराचे कपडे बाहेरच काढून फेकले. हा नवा डिरेस घातला."

डॉक्टरनं कपाळ पुसलं. मोठ्या दवाखान्यात हलवायला हवं, तो म्हणाला, पण रस्त्यात तग धरायला हवी. त्यानं अँब्युलन्सला फोन लावायला सांगितलं. त्याच्या आवाजातली खात्री गेली होती, आणि खोलीत सगळ्यांना ते समजलं.

राखी पोरीच्या गळ्यावरचा घाम पदरानं टिपत होती. टिपताना ड्रेसचा गळा जरा बाजूला सरकला. टिकल्यांच्या नक्षीखाली धम्मशीलाला पांढऱ्या कापडाची कड दिसली. जाड कड. तिच्यावर निळ्या दोऱ्यानं शिवलेला आकडा. संस्थेचं प्रत्येक बनियन ती स्वतः पाकिटात भरायची, तो निळा दोरा तिनं अंधारातही ओळखला असता. उंदरानं नेलेलं गणेशचं बनियन.

"राखीताई," तिनं विचारलं, "हे आत काय घातलंय?"

"ते त तुमचंच हाय ना ताई." राखीच्या चेहऱ्यावर एवढ्या दुःखातही विश्वास होता. "तुमी देलेलं. फवारा असला का तेच घालते ती, त्याच्यानं दवाई आंगाले लागत नाई ना. आंघोळीच्या वक्ताले काढलं होतं, मंग पुन्हा घातलं. म्हटलं, आज त जास्तच गरज हाय."

 "कात्री," धम्मशीला ओरडली. "सिस्टर, कात्री द्या! पुरुष सगळे बाहेर व्हा! डॉक्टर, विष तिच्या अंगावरच आहे अजून. इतक्या दिवसांचं. त्या बनियनात आहे सगळं."

डॉक्टरला पुढचं सांगावं लागलं नाही. त्यानं गणेश आणि माणिकरावांना बाहेर काढलं, हातमोजे बायकांकडे फेकले, आणि स्वतः पाठ करून उभा राहत भराभर सूचना द्यायला लागला. ड्रेस कापला. आतलं बनियन पांढरं राहिलंच नव्हतं, पिवळट पडलेलं, घामानं आणि औषधानं जड झालेलं. ते फाडताच तो उग्र वास नाकात घुसला. छातीवर, काखेत, पोटावर कातडी लालबुंद. ज्या आईनं मायेनं ते घातलं होतं तीच आता हुंदके देत ते सोलून काढत होती. सिंधूताईंनी बादल्यांवर बादल्या आणवल्या. साबण, पाणी, पुन्हा साबण, केसांपासून पायाच्या बोटांपर्यंत.

मग सगळे वाट बघत राहिले. इंजेक्शन दिलं. पोर वर आली. आता खाली जाईल म्हणून सगळ्यांच्या नजरा तिच्या कपाळावर. कपाळ कोरडं होतं. बराच वेळ कोरडंच राहिलं.

"आता टिकून आहे," डॉक्टर म्हणाला. "उद्या सकाळपर्यंत मी काहीच कबूल करणार नाही. पण टिकून आहे."

धम्मशीला बाहेर आली. व्हरांड्यात गणेश उकिडवा बसला होता. निखळलेला खांदा एका बाजूला कललेला. त्यानं वर पाहिलं नाही.

"मीच घातलं तिच्या आंगात," तो म्हणाला. "तुमी सभेत सांगतलं, फवाराच्या दिवशी हे घालाच, काढू नका, धुवू नका, कोणाले देऊ नका. पाकिटातून काढून देलं. सरकार बी वाटते ना मास्क, हातमोजे. मी म्हणलं, हे नवीन निंगालं. पुण्यावरून आलं म्हणजे भारीच असन. नाई त एवढं जपून कायले देतीन? पण घरात एकच देलं तुमी." आता त्यानं मान वर केली. डोळे कोरडे होते. "फवारा पोरगी मारते, अन् बनियन बापाले. सांगा मॅडम, मी आंगात घालू का तिच्या घालू?"

 ते बनियन वाचवत नाही, फक्त मोजतं, हे वाक्य धम्मशीलानं सभेत म्हटलं होतं का? आठवेना. म्हटलं असेलही. ज्यानं विष मोजता येतं पण अडवता येत नाही अशी वस्तू एवढ्या लांबून आणून माणसाच्या अंगावर चढवायची, ही गोष्ट कोणत्या बापाच्या डोक्यात शिरेल?

"आणि मला उंदीर सांगितला," ती कशीबशी म्हणाली.

"तुमी वापस घेऊन गेल्या असत्या ना. मंग तिले काय घालू?"

तेवढ्यात तिला बाकीचे बाप आठवले. बैलानं खाल्लेलं. नाल्यात गेलेलं. मुंबईच्या सासऱ्याचं. "गणेशभाऊ, बाकीच्यांची बनियनं?"

"तेच त. ते बी सगळ्याइनं आपापल्या लेकराइले देले. जे पोट्टे वावरात जातेत त्याइले. मी काई एकटा बाप नाई गावात."

"आज फवारणी आहे?"

"पाऊस उघडला ना. आज कोण घरी राह्यते?"

प्रसेनजित शेजारीच उभा होता.  दोघांनी एकदमच फोन काढले. कोणीच फोन उचलेना. फवारणीला जाताना लोक मोबाइल घरी ठेवतात, औषधानं खराब होतो म्हणून. मोबाइलला जपतात ते बरोबरच, महाग वस्तू. धम्मशीलानं माणिकरावांकडे पाहिलं. ते व्हरांड्याच्या टोकाला टोपी हातात धरून उभे होते आणि सगळं ऐकत होते.

माणिकरावांनी फोन कानाला लावला. देवीच्या मंडळातल्या कोणाला तरी गाठलं. "ते गाणे बंद कर," ते म्हणाले. "लाउडस्पीकरवर सांग, ज्याच्या ज्याच्या लेकराच्या आंगात ते पुण्याचं पांढरं बनियन असन, त्याइनं ते आत्ताच्या आत्ता काढून फेका अन् साबणानं आंघोळ करा. जहर हाय म्हणा त्याच्यात. हाव. माह्या नावानं सांग. माणिकरावच्या वावरात पोरगी पडली म्हणून सांग."  फोन ठेवून त्यांनी गाडीची किल्ली प्रसेनजितच्या हातात ठेवली आणि स्वतः मनालीच्या खोलीबाहेर बाकावर जाऊन बसले.

दवाखान्यासमोरच्या दुकानातून साबणाच्या वड्या घेतल्या आणि गाडी सुसाट सोडली. गावाजवळ येताच लाउडस्पीकर ऐकू आला. मंडळाचा पोरगा घसा फोडून तेच तेच सांगत होता. पिंपळाखाली दोन बाया लेकरांना नळाखाली धरून खसाखसा घासत होत्या, एका ओट्यावर पांढरं कापड जळत होतं. धम्मशीलाला हायसं वाटलं. मग गाडी नाल्यापलीकडे गेली आणि स्पीकरचा आवाज वाऱ्यानं मागं राहिला.

नाल्यापलीकडची कपाशी छातीएवढी उंच. रस्त्यावरून कोणीच दिसत नव्हतं, फक्त पंपाचा कर्रकर्र आवाज इकडून तिकडून येत होता. धम्मशीला कपाशीच्या ओळींमधल्या तासांत घुसली. "बनियन काढा! बनियन काढा रे!" ओल्या मातीत चपला रुतल्या, तिनं त्या तिथंच सोडल्या. प्रसेनजित दुसऱ्या अंगानं ओरडत पळत होता.

मग तिला तो दिसला. शिवम. शाळेत वजन करताना काट्यावर उभं राहून पोट आत ओढणारा चौथीतला पोरगा. त्याच्या बापाच्या बैलानं बनियन खाल्लं होतं. ते बनियन त्याला गुडघ्यापर्यंत आलं होतं, बाह्या दुमडून दुमडून मनगटाशी जाड वळकट्या झालेल्या. दोन्ही हातांत पाण्याचा कॅन धरून तो कोणाच्या तरी पंपाकडे निघाला होता. तिला बघून तो ओळखीचं हसला.

"शिवम, कॅन ठेव. ते काढ आधी."

त्यानं कॅन ठेवला, पण बनियनाची कड दोन्ही मुठींत घट्ट धरली आणि एक पाऊल मागं सरकला. "नाई. बाबानं सांगतलं, वावरात असलं का काढाचं नाई. काढलं त दवाई लागन."

"नाही लागणार. मी सांगते ना."

"तुमीच त सांगतलं होतं, काढू नका म्हणून."

 ती चिखलात गुडघे टेकून बसली, त्याच्या मुठी एकेक करून सोडवल्या, बनियन डोक्यावरून ओढून काढलं आणि लांब भिरकावलं. कॅनमधलं पाणी त्याच्या अंगावर ओतलं, साबण लावला, घासलं. पोरगं काकडत, अंग चोरत उभं राहिलं. तिचे डोळे वाहत होते आणि तिनं ते लपवले नाहीत. तिकडे प्रसेनजितचा फोन वाजला. प्रसेनजितनं लांबून ओरडून सांगितलं, दवाखान्यातून फोन होता, मनालीनं आईला ओळखलं. त्याच्यामागं तासातून आणखी दोन पांढरी बनियनं चालत येत होती, मोठ्यांच्या मापाची, लहान पायांवर.

शिवमनं दोन्ही हातांनी आपली उघडी छाती झाकून घेतली.

"ताई," तो म्हणाला, "मंग आता दुसरं देता ना? अजून अर्धं वावर बाकी हाय."